हातभर बाजूला

रस्त्यापलीकडच्या तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर एक माणूस उभ्यानेच दाढी करत होता आणि त्याच्या गळ्यावर, बरोबर घाटीपाशी, दोन बारीक काळ्या रेघा एकमेकींना छेदत होत्या. संघपाल तेलगोटे डोळा न हलवता पाहत राहिला. माणूस अनोळखी होता. गालावरचा फेस, बनियनच्या खांद्याला पडलेलं भोक, कठड्याला टेकवलेला आरसा, सगळं हात पुढे केला तर लागेल इतकं जवळ आलेलं. माणसाने मान वर केली, हनुवटीखाली रेझर नेला, आणि संघपालचे हात एकदम गार पडले. त्याने दुर्बीण डोळ्यावरून काढली. नुसत्या डोळ्यांना तिथे एक गच्ची होती, पाण्याची टाकी होती आणि तिच्याशेजारी पांढरट ठिपका होता. ठिपका हलत होता एवढंच.

"कशी हाये, मामा?" अनुपने विचारलं. अनुप त्याच्या बहिणीचा मुलगा. बाळापूरच्या पुढे गावात राहून शेती बघायचा. रानडुकरांनी दोन वर्षं तूर आणि सोयाबीन आडवी करून टाकल्यावर त्याने खेटे घालून रायफलचं लायसन काढलं होतं, डुकरं मारायची परवानगीही आली होती, आणि आता रायफलवर बसवायची ही दुर्बीण घेऊन तो मामाला दाखवायला अमरावतीला आला होता. "बसवून आणली का झीरो करा लागते म्हनते. म्हंजे जिथी दिसते तिथीच गोळी गेली पायजे. मले काई त्यातलं समजत नाई. तुमी तं जिंदगीभर दुर्बिणीतूनच पाह्यलं. रविवारी अकोल्याले चाला माह्यासंग."

"चांगली आहे," संघपाल म्हणाला आणि काचेवरची दोन्ही झाकणं लावून टाकली. आत देवळीपाशी बसलेल्या आईने, सुंदराबाईने, तोंड न वळवता विचारलं, "काय आनलं रे त्यानं?" अनुप म्हणाला, "दुर्बीन, आजी. बंदुकीची." तिने भिंतीचा आधार घेतला, उठली आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालचा पडदा उगीचच नीट करून स्वयंपाकघरात गेली.

अशा रेघा संघपालला नव्या नव्हत्या. भूमी अभिलेखात नोकरीला लागल्यापासून त्याने यंत्राच्या काचेतल्या असल्याच फुलीवर माणसं उभी केली होती. मोर्शीचे संत्र्याचे बगीचे, चांदूर बाजारच्या शेतांचे धुरे म्हणजे बांध, कुठे भावाभावांची वाटणी, कुठे रस्त्यात गेलेली जमीन. पट्टी धरून उभा असलेला माणूस दूर उभा असायचा आणि संघपाल हात हलवून त्याला सरकवायचा, डावीकडे, अजून, जरा मागे, थांब. माणूस थांबायचा. फुली त्याच्या छातीवर, कधी कपाळावर यायची, आणि संघपालचं लक्ष पट्टीवरच्या आकड्यावर असायचं. सुरुवातीच्या जुन्या यंत्रातून तर माणूस उलटा दिसे, पाय आभाळात, डोकं खाली, त्यालाही तो सरावला होता. हल्ली सगळी मोजणी उपग्रहावरून होते, काठीवर बसवलेला एक डबा हातात धरून चालत जायचं, डोळ्याचं काम उरलं नाही. पण इतक्या वर्षांत एकदाही काचेतल्या माणसाकडे पाहून त्याचे हात गार पडले नव्हते. रात्री जेवताना तो अनोळखी गळा त्याच्या ताटाजवळ येऊन बसला. त्या माणसाला काहीच कळलं नव्हतं. तो फेस पुसून खाली गेला असेल, चहा प्यायला असेल, आपण कुणाच्या फुलीत सापडलो होतो हे त्याला जन्मात कळणार नाही, हे मनात आलं आणि संघपालने भाकरी तशीच ठेवली.

आपल्या बापालाही कळलं नसेल. हा विचार त्याने चाळीस वर्षं कडेकडेने नेला होता, कधी समोर येऊ दिला नव्हता. धर्मपाल तेलगोटे हिवाळ्यातल्या एका धुकट सकाळी आपल्या तुरीत वाकून बकरीसाठी गवत कापत होता. अंगावर काळी घोंगडी होती. गावातले मोठे वावरवाले भगवंतराव त्या सकाळी डुकरासाठी बंदूक घेऊन निघाले होते. एक गोळी झाली. गावाने सांगितलं, डुक्कर समजून मारलं. पोलिसांनी तेच लिहिलं, आणि पुढे कोर्टात निष्काळजीपणा असा एक शब्द आला आणि काही वर्षांनी वरच्या कोर्टात तोही गळून गेला. ते वावर गायरानातलं होतं. धर्मपालने इतर चार बौद्ध घरांबरोबर ते वाहितीला घेतलं होतं आणि सरकारी मोजणी लावा म्हणून त्याने तालुक्याला अर्जांवर अर्ज केले होते, कारण शेजारच्या वावराचा धुरा दरवर्षी एकेक तास, नांगराची एकेक रेघ, आत सरकत होता. ते शेजारचं वावर भगवंतरावांचं. मोजणी पुढे झाली, जमीन नावावर लागली, आज अनुप तीच करत होता. संघपालने मोजणीचीच नोकरी का धरली हे त्याला कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

पण सगळ्याच्या मुळाशी एक काळी नळी होती. गोळी व्हायच्या थोडेच दिवस आधी तेरा वर्षांचा संघपाल बापाचा निरोप घेऊन भगवंतरावांच्या दारापर्यंत गेला होता. अंगणातच थांबायचं होतं, थांबला. ओट्यावर खांबाला बंदूक टेकवलेली होती आणि तिच्या पाठीवर वीतभर लांबीची काळी नळी बसवलेली होती, दोन्ही टोकांना चामड्याची झाकणं. त्याने इतकी सुंदर वस्तू आधी पाहिली नव्हती. पुढे पोलिसांनी जमा केलेल्या बंदुकीच्या पाठीवर काहीच नव्हतं. त्याने आपल्या मामाला सांगितलं, शाळेतल्या गुरुजींना सांगितलं. "तुले तसं वाटलं असन, लेका," ते म्हणाले. "आन असती तरी काय? धुक्यात दुर्बीन काय करन?" पोराचं बोलणं कोण ऐकतं. आणि वर्षं गेली तशी ती नळी त्याच्या स्वतःच्याच मनात पातळ होत गेली. कधी ती बंदुकीवर दिसे, कधी गावच्या जत्रेतल्या चित्रं दाखवणाऱ्याच्या डब्यावर, कधी आपल्याच यंत्रावर. मोठेपणी तो स्वतःला समजावू लागला की ज्याला बापाचा खून झाला असं वाटतं त्या पोराला बंदुकीवर काहीही दिसेल.

शनिवारी संध्याकाळी तो गावी बहिणीकडे गेला आणि रविवारी उजाडायच्या आधीच दोघं अनुपच्या गाडीने अकोल्याकडे निघाले. एका रायफल क्लबची रेंज शहराबाहेर मुरमाच्या जुन्या खाणीत होती. तीन बाजूंनी उंच दरडी, मधे सपाट जागा, एका टोकाला पत्र्याच्या छपराखाली सिमेंटची बाकं. नवख्यांना शिकवणारा नईम छपराखाली वाट पाहत होता. चाळिशीचा, दाढी मेंदीने रंगवलेली, अंगावर तपकिरी शाल. "आओ साहेब, बसा. हवा सुटायच्या आत काम करून टाकू," तो म्हणाला. त्याने रायफल वाळूच्या पिशव्यांवर आडवी टेकवली, मागचा बोल्ट ओढून काढला आणि शालीखालच्या खिशात टाकला. "आता हे लाकूड हाये. कोनाले काई होत नाई. मी दोन कागद लावून येतो, एक जवळ, एक पार दरडीपाशी, तवर तुमी दोघं बसून पाहून घ्या. डोळा काचेले चिकटवू नका. चार बोटं मागं ठेवा, नाईतं बार झाला का कडी भुवई फोडते." आणि तो खाणीच्या दुसऱ्या टोकाकडे चालत निघाला. अनुप गाडीतून चहाचा थर्मास आणायला गेला.

उजेड फुटला नव्हता. दरडीच्या कडेवर राखाडी रेघ होती आणि खाली खाणीत अजून रात्रीचं उरलेलं साचून होतं, त्यात विरळ धुकं. संघपालने नईमकडे पाहिलं तर नईम नव्हता. दरडीच्या पायथ्याशी एक काळं, बुटकं, ओबडधोबड काहीतरी होतं. दगड असेल, झुडूप असेल. ते किंचित हललं तेव्हा त्याला वाटलं, जनावर आहे. मान आत घेऊन उकरणारं जनावर. त्याने खाली वाकून दुर्बिणीला डोळा लावला, चार बोटं मागे.

नईम बसला होता. उकिडवा, शाल डोक्यावरून घेतलेला, ओठांत दोन खिळे धरलेले. त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दिसत होता. लाकडी चौकटीला कागद लावताना तो खिळ्यावर दगडाने हळूच ठोकत होता आणि ठोकताना प्रत्येक वेळी डोळे मिटत होता, तेसुद्धा दिसत होतं.

संघपालने डोळा वर घेतला. काळं जनावर. खाली वाकला. माणूस. त्याच्या दाढीचा मेंदीने रंगलेला केस न् केस वेगळा. वर पाहिलं. जनावर. त्याने पुन्हा पाहिलं आणि पुन्हा, आणि दर वेळी काचेत आधीपेक्षा जास्त माणूस सापडत गेला. तुरीत वाकलेला एक माणूस, घोंगडीतून बाहेर आलेले दोन हात, एका हातात विळा, दुसऱ्या मुठीत गवत. बापाच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. इतक्या वर्षांत ती त्याला आठवली नव्हती. ती आता धुक्यात स्वच्छ दिसली, तिच्यावरची माती दिसली. त्याने दोन्ही हातांनी बाक धरलं. कुणीतरी आपल्या पाठीमागे उभं आहे, आपल्याच खांद्यावरून वाकून त्याच काचेतून पाहतं आहे, असं त्याला इतकं खरं वाटलं की त्याने मागे वळून पाहिलं. अनुप होता. त्याच्या हातात चहाचा कप होता.

नईम परत आला तेव्हा संघपालने विचारलं, "एवढ्या अंधारात इतकं कसं दिसतं?"

"अंधारातच तं खरी गंमत हाये," नईम म्हणाला. "तुमच्या डोळ्याची बाहुली केवढीशी? आन हे समोरचं भिंग पाहा, वाटीएवढं. जेवढं तोंड मोठं, तेवढा उजेड जास्त पेते हे. फजरच्या टायमाले उघड्या डोळ्याले जे काळं दिसते ना, ते याच्यात साफ दिसते."

"जुन्या दुर्बिणीतून? चाळीस वर्षांपूर्वीच्या?"

"काच तं काचच हाये, भाई. इतकं नसन दिसत. पन मानूस हाये का जनावर, येवढं तं दिसनच." नईमने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काहून? तुमच्याकडं हाये का जुनी?"

"नाही," संघपाल म्हणाला.

मग पुढचं काम झालं. नईमने अनुपला बोल्ट न लावता मागून रायफलच्या नळीतून बघायला लावलं. नळीच्या गोल भोकात जवळचा कागद मधोमध आणायचा, रायफल तशीच दाबून ठेवायची आणि दुर्बिणीवरची दोन बटणं फिरवून फुलीही त्याच कागदावर आणायची. "नळी एक पाहते, काच एक पाहते. दोघाईची वळख करून द्या लागते," तो म्हणाला. एवढं झाल्यावर बोल्ट लागला, कानांवर झाकणं चढली आणि अनुपने श्वास धरून पहिली गोळी टाकली. खाणीच्या तिन्ही दरडींनी तो आवाज एकमेकींना दिला. संघपालच्या कानांवर झाकणं होती तरी तो आवाज त्याला कानाने नाही, दातांनी ऐकू आला. कागदाच्या मध्यावर अनुपने फुली धरली होती, गोळी कोपऱ्यात गेली. दुसरी, तिसरी तिथेच, जवळजवळ. अनुपचं तोंड उतरलं. "मी तं बरोबर मधात धरलं होतं, चाचा."

"तुह्यावाला नेम बराबर हाये. तिन्ही एकाजागी गेल्या ना? मंग झालं. गलती काचेची हाये." नईमने बटणाचं झाकण काढलं. "ध्यानात ठेव. झीरो होत नाई तवर जिथी दिसते तिथी गोळी जात नाई. इथून येवढा फरक, तं शंभर मीटरवर हातभर. नवी दुर्बीन बसवून तसाच वावरात गेला तं तू धरशीन डुकरावर आन लागन भलतीकडंच."

बटणांच्या कडा बोटांना ओळखीच्या वाटल्या म्हणून संघपालनेच ती फिरवली. बारीक कट कट आवाज येत होता, प्रत्येक आवाजाला फुली केसाएवढी सरकत होती. त्याच्या हाताला हे काम ठाऊक होतं, हात ते नीट करत होता, आणि मन भलतीकडे होतं. दिसला. भगवंतरावांना दिसला. मी पाहिलेली नळी खरी होती आणि तिच्यातून माझा बाप दिसला. सूर्य दरडीवर आला तोवर अनुपच्या गोळ्या दूरच्या कागदाच्या मध्यावर पडू लागल्या होत्या आणि अनुप लहान पोरासारखा हसत होता. नईमने संघपालच्या पाठीवर थाप मारली. "हात बसलेला हाये साहेबाचा."

अकोल्यात शिरल्यावर संघपालने अनुपला गाडी जठारपेठेकडे घ्यायला सांगितली. "एकाला भेटून येतो. तू रायफल घेऊन गावी जा. मी इथूनच बसने अमरावतीला जाईन." भगवंतराव मुलाकडे राहायला आले आहेत, कोणत्या गल्लीत, कोणत्या मजल्यावर, हे संघपालला बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं. का माहीत करून घेतलं होतं हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. त्या गल्लीवरून तो कामानिमित्त कितीदा तरी गेला होता आणि प्रत्येक वेळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने.

दार सुनेने उघडलं. कोण म्हणून विचारल्यावर त्याने नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. भगवंतराव खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. एकेकाळचा धिप्पाड माणूस आता खुर्चीत कुणी घडी करून ठेवल्यासारखा दिसत होता, फक्त पाय सुजून मोठे झालेले, स्टुलावर ठेवलेले. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं.

"धर्माचा पोरगा," ते म्हणाले. "मोजनीत साहेब झाला म्हने तू."

"हो."

"बस."

संघपाल बसला नाही. येताना गाडीत त्याने पुष्कळ वाक्यं जमवली होती. ती सगळी गेली. "तुमच्या बंदुकीला दुर्बीण होती," तो म्हणाला.

सून पाणी घेऊन आली. भगवंतरावांनी तिला हाताने आत जायला सांगितलं आणि ती गेल्यावरही ते दाराकडेच पाहत राहिले. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता. तो पार पुढच्या गल्लीत गेला, आवाज ऐकू येईनासा झाला.

"होती."

"मी पाहिली होती. तुमच्या ओट्यावर. मला सगळे खोटा म्हणाले."

"तू खोटा नोयतास."

"मग दिसले असतील ते तुम्हाला."

"दिसला." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "धर्मा होता. गवत कापून राह्यला होता. दिसला मले."

संघपालला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्या आत काहीतरी फुटेल किंवा शांत होईल. दोन्हीपैकी काहीच झालं नाही. तो उभा होता, पंखा फिरत होता.

"पन मी त्याच्या अंगावर नोयती धरली," भगवंतराव म्हणाले. आता त्यांचा आवाज घाईचा झाला, जणू हे वाक्य फार वर्षं दाराशी उभं होतं. "तुह्या बापाची शपत घेऊन सांगतो. हातभर बाजूले धरली होती. धुऱ्याच्या दगडावर. गोळी दगडावर आपटन, हा भेईन, अर्ज-बिर्ज सोडून देईन, येवढंच होतं मनात. भेवाडाचं होतं रे, माराचं नोयतं. ते दुर्बीन नवीच होती. मुंबईहून आनलेली, मीच बसवली घरी. एक गोळी टाकून पाह्यली नोयती तिच्यातून. मले काय मालूम, का तिच्यात दिसते एकीकडं आन जाते एकीकडं? मी दगडावर धरली होती. दगडाले लागलीच नाई."

"हे तुम्ही कोर्टात सांगितलं नाही."

"वकील म्हने, दिसलंच नाई म्हना. दुर्बीन विहिरीत टाकली. खरं सांगतलं तं तुले तरी पटते का? कोनाले पटन?"

पटलं होतं. तेच भयंकर होतं. काल हा माणूस हे म्हणाला असता तर संघपालने त्याला खोटारडा म्हटलं असतं आणि खाली उतरून गेला असता, आणि उरलेलं आयुष्य निदान एका बाजूला उभं राहून काढलं असतं. पण आज सकाळी त्याने स्वतः त्या कागदावर पाहिलं होतं. मधे धरलेली गोळी कोपऱ्यात जाते. शंभर मीटरवर हातभर. ज्या सकाळने त्याला सांगितलं की म्हाताऱ्याला बाप दिसला होता, त्याच सकाळने म्हाताऱ्याच्या बाजूने साक्षही दिली. तो वळला. मागून भगवंतराव म्हणाले, "पानी तं पे," आणि तो जिना उतरला.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बोरगाव, मूर्तिजापूर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवी-पिवळी तूर मागे पळत होती आणि प्रत्येक वावरात, धुऱ्यापाशी, कुणीतरी वाकलेलं होतं. तो टक लावून पाही तेव्हा ती बाई असे, गाठोडं असे, झाकून ठेवलेला पंप असे. मग बस पुढे जाई आणि मागे राहिलेलं ते पुन्हा वाकत असे. हातभर बाजूला, तो मनात म्हणत होता. त्या एका हाताच्या जागेत चाळीस वर्षं बसली होती. खून म्हणावं तर मारायचं नव्हतं. अपघात म्हणावं तर दिसला होता. या दोहोंच्या मधे जी जागा आहे तिला नाव काय, ती कुणाच्या नावावर लावायची? त्याने आयुष्यभर लोकांचे धुरे दाखवून दिले होते, इथपर्यंत तुझं, इथून त्याचं. बाप मेला ती जागा त्याला मोजता येत नव्हती. बडनेऱ्यापाशी त्याच्या शेजारच्या माणसाने विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाई का?" तेव्हा त्याला कळलं की आपण डावी करंगळी उजव्या मुठीत घट्ट दाबून धरली आहे.

घरी पोचला तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सुंदराबाई गॅलरीत सूप घेऊन बसली होती, गावाहून आलेल्या तुरीतले खडे काढत होती. बायको, माया, विहारात कार्यक्रमाला गेली होती. सांगू नये असं त्याने बसमध्ये ठरवलं होतं. ऐंशी ओलांडलेल्या बाईला आता काय सांगायचं. पण तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि बसला तसं सगळं सांगून मोकळा झाला. नळी खरी होती. दिसला होता. बाजूला धरली होती. दुर्बीण झीरो केलेली नव्हती, म्हणून लागली. झीरो म्हणजे काय हेही त्याने तिला समजावलं, सुपाच्या कडेवर बोट ठेवून, इथे धरलं तर इथे जाते. समजावताना आपण भगवंतरावांची बाजू मांडतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा आवाज खाली गेला.

सुंदराबाईचे हात थांबले होते. ती रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं, तूर पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"दिसले होते त्याले?"

"हो, आई. म्हणाले, दिसला."

"येवढे जवळ दिसले?"

"हो."

"मंग त्यानं हाक काहून नाई मारली?"

संघपालने सुपाच्या कडेवरचं बोट काढून घेतलं.

"भेवाडाचं होतं तं आवाज द्याचा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरंच विचारत होती, बाजारात एखाद्या वस्तूचा भाव कळला नाही तर विचारावं तशी. "धर्मा, ऊठ तथून, असं म्हनलं असतं. शिव्या द्याच्या. शिव्या कमी देत होता का तो? हे उठून उभे राह्यले असते. हाक आली का ओ देत होते हे, कोनाचीबी असो. जेवता जेवता उठत. मी चिडो त्यांच्यावर." तिने सुपातून एक खडा उचलला, बोटांत धरून ठेवला. "मानूस दिसला आन हाक नाई मारली. आता तो कुठीबी धरो बाप्पा बंदूक."

ऊन गॅलरीतून भिंतीवर चढलं, मग तिथूनही गेलं. इतका वेळ त्याच्या डोक्यात नळी, काच, बटणं, दगड, हातभर, असं सगळं फिरत होतं, ते एकाएकी थांबलं आणि तिथे फक्त एक धुकट वावर राहिलं. त्यात वाकलेला एक माणूस, ज्याचं नाव समोरच्याला ठाऊक होतं. आवाज पोचेल इतकं अंतर. आणि शांतता.

फोन वाजला. अनुप होता, वावरातून, दबक्या आवाजात. "मामा, तुरीत आलेत. धुऱ्यापाशी एक दिसून राह्यलं, काळं हाये, मोठं हाये. रायफल लावली. टाकू का?"

"दुर्बिणीतून काय दिसतं?"

"पाठ दिसून राह्यली, बाकी तुरीत हाये. डुक्करच हाये, मामा. पयन ते."

"अनुप, बोट काढ घोड्यावरून. आधी हाक मार."

"काय?"

"हाक मार. जोरात. कोण आहे म्हणून विचार."

"मामा, पयून जाईन ना ते!"

"पळू दे. मी ऐकतो आहे. मार हाक."

मग अनुपचा आवाज आला, फोनपासून दूर, मोकळ्या वावरात सोडलेला, लांबत गेलेला. "कोन हाये रे तथी? ओ द्या, ओऽ!"

सुंदराबाईने मान वळवली. तिला फोनमधला शब्दन् शब्द ऐकू येत नव्हता, पण ती हाक तिला ऐकू आली असावी. तिची बोटं खड्यासकट सुपावर तशीच राहिली. संघपालने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखू लागला. पलीकडे वारा होता, तुरीच्या शेंगांचा खुळखुळ आवाज होता, आणि बाकी काही नव्हतं. मग एकदम धडपड, फांद्या मोडण्याचे आवाज, अनुपची शिवी, आणि त्याचा वैतागलेला श्वास. "गेले! पाच-सहा होते. पाह्यलं का मामा, डुकरंच होते. तुमच्यापायी गेले."

"गेले तर गेले. उद्या येतील," संघपाल म्हणाला. त्याने फोन खाली ठेवला.

"कोनं ओ देल्ली का?" सुंदराबाईने विचारलं.

"नाई, आई," तो म्हणाला. "कोनीच नाई."